कोयता हाताशी धरून घडवलेली सुरी : हरसूलच्या रानशिबिराचं एक प्रकरण

नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे सर सुट्ट्यांत आठवी-नववीच्या मुलांना घेऊन हरसूलच्या बाजूला रानशिबिर भरवतात. जागा त्यांच्या मित्राच्या सासऱ्यांची, म्हणजे खासगी मालकीची. डोंगरउताराचं शेत, बांधावर साग आणि बाभळी, ओहोळाच्या काठाने मानवेल बांबूची बेटं. मुलं तिथे गाठी मारायला शिकतात, ताडपत्री ताणतात, वाळक्या काटक्यांवर चूल पेटवतात, बांबूचे पेले आणि लाकडाच्या पळ्या करतात. या कामासाठी सरांना हाताने घडवलेली एक चांगली सुरी हवी होती. मी सातपूरला हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी पेठ रोडकडच्या एका लोहारमामांच्या भट्टीवर सुऱ्या घडवते. कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि सर आले.

हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारण असं की, सह्याद्रीत वापरायला सुरी घेणारा माणूस ज्या ज्या प्रश्नांशी अडतो, ते जवळपास सगळे यात एकामागून एक आले. बुशक्राफ्टच्या, म्हणजे रानात हाताशी असेल त्यातून निभावण्याच्या कलेच्या, सुरीबद्दल जे काही वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक स्वीडन, फिनलंड, इंग्लंडच्या रानांतलं असतं. तिथलं लाकूड पाइन आणि बर्च. आपल्याकडे वाळलेली बाभूळ आणि बांबू. तिथल्या माणसाच्या कमरेला एकच सुरी असते, इथे शेतावर पाऊल ठेवलं की कुणाच्या तरी हातात कोयता असतोच. या दोन फरकांनी सगळी मापं बदलतात.

मोबाइलमधला फोटो आणि कामांची यादी

सरांनी मोबाइलमध्ये एक फोटो दाखवला. पातं दहा इंची, जाडी ६ मिमी, पाठीवर करवतीचे दाते, मूठ पोकळ आणि तिच्या झाकणात होकायंत्र. "ताई, असंच काहीतरी, पण हाताने घडवलेलं."

मी त्यांना फोटोबद्दल काहीच बोलले नाही. मागच्या शिबिरात पात्याने जी जी कामं झाली ती आठवतील तशी लिहून आणा, एवढंच सांगितलं. यादी अशी आली: बांबूची कांडी कापणं, कांडं उभं चिरून पट्ट्या काढणं, सागाच्या काटकीवर पातळ साली उचलून चूल पेटवायला पिसारा करणं, पळी कोरणं, दोरी कापणं, फेरो रॉडवर (घासली की ठिणग्या देणारी धातूची कांडी) ठिणगी पाडणं, कांदे चिरणं. आणि शेवटी एक ओळ: "मोठा बांबू तोडणे, सरपण फोडणे: बाबांनी कोयत्याने केले."

ही शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. त्या शेतावरचे बाबा कमरेच्या लाकडी आकडीत कोयता अडकवूनच वावरतात. मनगटाएवढा बांबू ते दोन तिरक्या घावांत आडवा करतात. हे काम करायला दहा इंची जाड सुरी घ्यायची म्हणजे कोयत्याची वाईट नक्कल करायची. कोयत्याचं वजन पुढे असतं, पातं वाकडं असतं, म्हणून घाव बसतो. सरळ सुरीत ते वजन आणायचं तर ती इतकी अवजड होते की पळी कोरताना मनगट भरून येतं. म्हणून पहिला निर्णय: तोडणं आणि फोडणं कोयत्याकडे. सुरीकडे फक्त बोटांचं काम, आणि फार तर मनगटाहून बारीक लाकडावर पातं ठेवून पाठीवर दांडक्याने ठोकत केलेली चिरफाड.

एवढं ठरल्यावर फोटोतली सुरी आपोआप गळाली. पाठीवरचे दाते लाकूड कापत तर नाहीतच, पण अंगठा टेकायची जागा खातात आणि ठोकायचं दांडकं झिजवतात. पोकळ मुठीची सुरी पातं आणि मूठ यांच्या सांध्यात तुटते, कारण तिथे धातू अचानक बारीक होतो. सरांनी हे सगळं लगेच मान्य केलं. होकायंत्र जाणार याचं मात्र त्यांना थोडं वाईट वाटलं, आणि त्यात गैर काही नाही. ते खिशात वेगळं ठेवलेलंच बरं.

लांबी १०५ मिमी ठरली, रुंदी २८ मिमी. ही मापं कामातून आली, पण कायद्याचाही विचार त्यात होता. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, आणि वस्तू घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली नसेल, तर ती शस्त्र नियमांच्या यादीत धारदार शस्त्र म्हणून येते. आपलं पातं लांबीत त्याच्या निम्मंही नाही, आणि रुंदीतही बरंच कमी आहे. तरी एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकू-सुरे बाळगून फिरण्यावर बंदी असते. तिथे इंच मोजून सुटका होत नाही. नाशिक शहरात, त्यातून सिंहस्थाच्या बंदोबस्ताच्या दिवसांत, सुरी कमरेला लावून हिंडणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. म्यानात घालून, फडक्यात गुंडाळून, सॅकच्या तळाशी, आणि शेतावर पोचल्यावरच बाहेर. अभयारण्याचा नियम तर आणखी कडक आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत चाकूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायला लेखी परवानगी लागते. म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या अभयारण्यात जाताना ही सुरी घरी ठेवायची. सरांना हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं, कारण शिबिराच्या पालकांना उत्तर त्यांनाच द्यायचं होतं.

वडिलांच्या ट्रकचा पाटा

पोलाद कुठलं, हा प्रश्न मी काढायच्या आधीच सरांनी पिशवीतून एक गंजका तुकडा काढून टेबलावर ठेवला. कमानीचा पाटा. त्यांचे वडील लासलगावहून वाशीला कांद्याची गाडी चालवायचे. गाडी भंगारात गेली तेव्हा एक पाटा घरी राहिला होता. "याची होईल का?"

भंगारातल्या पाट्याची सुरी हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडीही पाट्याचे कोयते आणि विळे करतात. पण त्यात दोन धोके आहेत. पहिला, पोलाद नेमकं कोणतं हे डोळ्यांना कळत नाही. दुसरा जास्त वाईट: पाट्याने वर्षानुवर्षं खड्डे खाल्लेले असतात, त्यात केसाएवढ्या चिरा असू शकतात. सुरी घडेल, चकचकीत दिसेल, आणि एक दिवस ठोकताना मधोमध तुटेल. मुलांच्या मध्ये बसून वापरायच्या वस्तूत हा धोका घ्यायचा नाही. वडिलांची आठवण म्हणून तर अजिबात नाही, कारण ती तुटली तर दुःख दुप्पट.

म्हणून आधी तपासणी. ग्राइंडरवर गंज उतरवून पाटा स्वच्छ केला आणि त्यावर डीपी टेस्ट केली. कारखान्यात वेल्डिंग तपासायला वापरतात तीच. तीन स्प्रे असतात. क्लीनरने पृष्ठभाग पुसायचा, लाल डाय मारून थांबायचं, वरवरची डाय पुसून काढायची आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. सर शेजारी उभे होते. सुरुवातीला काहीच दिसलं नाही. मग मधल्या बोल्टच्या भोकाच्या कडेला एक लाल ठिपका आला, हळूहळू लांबला, आणि नखाएवढी रेघ झाली. त्याच्या बाजूला दुसरी. टोकाकडचा भाग मात्र पांढराशुभ्र राहिला.

हे अपेक्षितच होतं. पाटा मधोमध आवळलेला असतो, त्यामुळे वाकण्याचा सगळा ताण तिथे, आणि भोकाने तो आणखी वाढतो. टोकाला ताण जवळपास नसतो, तिथे फक्त घासून झीज होते. आम्ही मधला भाग बाजूला काढला आणि टोकाकडचा वीतभर तुकडा घेतला. त्याचाच एक कपचा प्रयोगशाळेत स्पेक्ट्रो तपासणीला दिला, म्हणजे पोलादात काय किती आहे ते कळतं. कार्बन ०.५७, मँगेनीज ०.८२, क्रोमियम ०.७९ टक्के. म्हणजे एसयूपी ९ जातीचं स्प्रिंगचं पोलाद, अमेरिकेत ज्याला ५१६० म्हणतात त्याचं भावंड. बाहेरच्या सुरीसाठी याहून सोज्वळ पोलाद शोधून मिळायचं नाही. धार ईएन ३१ या बेअरिंगच्या पोलादाएवढी टिकत नाही, पण मार सोसतं आणि रानातल्या साध्या दगडावर धार घेतं.

पोलाद विकत घेणाऱ्यांना यातून माझा एकच आग्रह आहे. पाटा भंगारातला असेल तर चिरा तपासल्याशिवाय भट्टीत घालू नका. तपासणीची सोय नसेल तर नवी पट्टी घ्या. ईएन ३१, ओएचएनएस (तेलात कडक होणारं हत्यारांचं पोलाद), नवा स्प्रिंगचा पाटा, यांतलं काहीही चालेल. माहीत असलेलं साधं पोलाद नीट पाणी दिलेलं, म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून कडक केलेलं असेल, तर ते मोठ्या नावाच्या पण कच्च्या पोलादाला केव्हाही भारी पडतं.

भट्टी, आणि मामांचं म्हणणं

पाटा १० मिमी जाड होता. आपल्याला ३.५ मिमी हवा. सगळं घासून काढायचं तर धातू वाया आणि ग्राइंडरचे पट्टेही. म्हणून मामांनी तो ऐरणीवर ठोकून ५ मिमीपर्यंत आणला. पुढचं काम घासून. ही वरची दीड मिमी मुद्दाम ठेवली. भट्टीत तापताना पोलादाच्या कातडीतला कार्बन जळतो आणि वरचा थर मऊ पडतो. तो तसाच राहिला तर सुरीची धार त्या मऊ थरात येते, आणि "पाणी नीट बसलं नाही" असं म्हणत माणूस उगाच भट्टीला दोष देतो.

पाणी द्यायच्या आधी तुकडा तीनदा लाल करून हवेत सावकाश थंड केला. हे काम घाईत गाळलं जातं. त्याने काय होतं हे सरांना दाखवायला मी दोन छोटे कपचे घेतले. एक ठोकून तसाच, दुसरा तीनदा हवेत निववलेला. दोन्ही तापवून तेलात बुडवले, शिकंज्यात धरून हातोड्याने तोडले. पहिल्याच्या तुटलेल्या तोंडावर साखरेसारखे चमचमते दाणे होते. दुसऱ्याचं तोंड मंद राखाडी, दाणा डोळ्यांना दिसत नव्हता. पोलाद तेच, भट्टी तीच. जाड दाण्याची सुरी धार घेते, पण पहिल्या गाठीवर टवका उडतो.

मुठीच्या पिनांची भोकं पाणी द्यायच्या आधीच पाडली, नंतर ड्रिल चालत नाही. धारेच्या बाजूला १ मिमी जाडी राखली, कारण त्याहून पातळ कड तेलात वाकते किंवा तडकते. मग पातं सातपूरला आणलं. भट्टी ८३० अंश सेल्सिअस, कोमट तेल. कानस लावली तर घसरली, म्हणजे पातं कडक झालं होतं.

आता मुद्दा टेम्परिंगचा, म्हणजे कडक पातं पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा घालवण्याचा, आणि इथे मामांचं आणि माझं थोडं वाजलं. मला धार जास्त टिकावी म्हणून रॉकवेल (कडकपणाचं माप) ५९ हवं होतं. मामा म्हणाले, "ताई, धार गेली तर लावता येते. तुकडा उडाला तर काय लावणार?" ते आयुष्यभर कोयते करत आले. कोयता ते मुद्दामच थोडा मऊ ठेवतात, म्हणजे गडी बांधावरच्या दगडावर घासून पुढे चालू लागतो. सुरी कोयत्याइतकी मऊ ठेवायची नव्हती, पण त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. ही सुरी शिकाऊ हातांत जाणार, आणि शिकाऊ हात पातं लाकडात अडकलं की बाजूला पिळतो. २१५ अंशांवर दोन-दोन तास, असं दोनदा टेम्पर केलं. रॉकवेल ५७ आलं. या सुरीसाठी तेच योग्य होतं, असं माझं मत आता पक्कं आहे.

धारेचा कोन

सरांना स्कँडी धार हवी होती, आणि त्यांचं कारण पटण्यासारखं होतं. या धारेत एकच रुंद उतार असतो. तो अख्खा दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप बरोबर बसतो. नववीतल्या मुलाला धार लावायला शिकवायची तर याहून सोपा प्रकार नाही. लाकूड कोरतानाही हा उतार लाकडावर टेकतो आणि साल किती जाड उचलायची ते हाताला कळतं.

अडचण कोनाची. उत्तर युरोपातल्या सुऱ्यांत दोन्ही बाजू मिळून कोन साधारण २५ अंश असतो. मी सुरुवात त्यावरच केली, कारण कोन वाढवणं सोपं असतं, कमी करायचा तर बराच धातू घालवावा लागतो. शेतावर जाऊन आम्ही ती इथल्या लाकडावर चालवली. सागाच्या काटकीवर सुंदर चालली, कागदासारखी साल उचलत होती. बांबूच्या हिरव्या सालीवर धार लवकर मंदावली. बांबूच्या बाहेरच्या सालीत सिलिका असते आणि ती कुठल्याही पोलादाची धार खाते. खरा निकाल दिला वाळलेल्या बाभळीच्या गाठीने. गाठीवरून जोर लावून एक चीप काढली आणि सुरी उन्हात उलटी धरली. चांगल्या धारेवरून प्रकाश परत येत नाही, ती दिसतच नाही. इथे मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी एक चकाकी दिसत होती. धार तेवढ्या जागी दुमडली होती. तुटली नाही, दुमडली, म्हणजे मामांचं टेम्परिंग बरोबर आणि कोन चुकीचा.

कोन २८ अंशांवर नेला आणि अगदी कडेला, केसाएवढ्या रुंदीचा, आणखी बोथट असा दुसरा उतार दिला. नुसता कोन वाढवला असता तर सुरी जड चालली असती. पण आम्ही जाडी आधीच ४ ऐवजी ३.५ मिमी धरली होती, त्यामुळे उताराची रुंदी ७ मिमीवर आली आणि लाकडात शिरताना अडथळा जाणवला नाही. हे गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्या कठीण लाकडासाठी धार थोडी बोथट घ्या आणि त्याची भरपाई पात्याच्या जाडीत करा. उलट करणारे बरेच भेटतात. ५-६ मिमी जाड पात्यावर नाजूक धार घेतात, आणि मग ना चिरता येतं ना ठोकता.

तीच गाठ, तोच जोर. या वेळी चकाकी नाही.

पाठीची कड फेरो रॉडसाठी काटकोनात तीक्ष्ण लागते. पण सगळी पाठ तशी ठेवली तर कोरताना अंगठा सोलवटतो. म्हणून टोकाकडची ४० मिमी कड तीक्ष्ण ठेवली आणि मुठीकडची घासून गोल केली. हा छोटा बदल तयार सुरीत क्वचित मिळतो. तयार सुरी घेतली असेल तरी कानशीने अर्ध्या तासात करता येतो, जरूर करावा.

कांद्याचं काम यादीतून काढून टाकलं. ३.५ मिमी जाडीचं पातं कांदा चिरत नाही, फोडतं. स्वयंपाकाला पातळ सुरी वेगळी.

मूठ

मुठीसाठी सरांना सांबराचं शिंग मिळतंय असं कुणीतरी सांगितलं होतं, रानात गळून पडलेलं. मी तिथेच थांबवलं. वन्यजीव कायद्याखाली असं शिंग बाळगणं-विकणं गुन्हा आहे, ते गळून पडलेलं का असेना. मुलांना रान दाखवणाऱ्या माणसाच्या हातात तर ते शोभतही नाही.

पर्याय शेतावरच होता. बाबांच्या गोठ्यात मोडलेल्या नांगराचा बाभळीचा इसाड, म्हणजे लांब दांडा, पडून होता. वर्षानुवर्षं वाळलेला, आतून तपकिरी-लाल, नखाने ओरखडा न उठणारा. मुठीच्या लाकडात वाळलेपणाइतकं महत्त्वाचं काही नाही. ओलसर शिसवापेक्षा वाळलेली बाभूळ शंभर पटींनी बरी, कारण ओलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पिना वर येतात आणि फटीत पाणी शिरून पोलाद आतून गंजतं.

आकार ठरवायला मी पोलादाला हातच लावला नाही. सागाच्या फळीची तशीच नकली सुरी केली, मूठ मुद्दाम थोडी जाड. सरांनी शाळेतला निळा खडू आणला होता. मुठीला सगळीकडे खडू चोळला आणि त्यांना सांगितलं, काटकी कोरताय असं समजून दहा मिनिटं हात चालवा. सर डावरे आहेत. हात उघडला तेव्हा अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात गडद निळा पट्टा होता, करंगळीखाली एक ठिपका, आणि तळव्याचा खोलगट भाग कोरा. म्हणजे सगळा भार दोन जागी येत होता. फोड तिथेच आले असते. मुठीचा मागचा खांदा कानशीने उतरवला, मधला फुगवटा वाढवला, पुन्हा खडू लावला. तिसऱ्यांदा निळा रंग तळहातभर सारखा पसरला. शेवटी साबणाच्या पाण्यात हात बुडवून धरायला लावलं, कारण पावसात आणि घामात सुरी धरायची असते ती अशाच हाताने.

अंतिम माप: लांबी ११८ मिमी, मधोमध जाडी २४ मिमी, छेद गोल न ठेवता लांबट, म्हणजे अंधारातही धार कुठल्या बाजूला आहे ते मुठीवरूनच कळतं. पुढच्या टोकाला बोट सरकू नये इतकाच उंचवटा, आडवी पट्टी नाही. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीचं, दोन्ही बाजूंना बाभळीच्या फळ्या, चोवीस तासांत सुकणारं इपॉक्सी आणि पितळी पिना. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी मी मुठीला लावत नाही, ते ओलीत टिकत नाही. वर जवसाच्या तेलाचे पातळ हात. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

सुरीचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरलं, आणि तोल तर्जनीखाली.

म्यान आणि गंज

म्यानाबद्दल मी कायडेक्स सुचवलं होतं. प्लॅस्टिकचं, पाण्याला न जुमानणारं. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळ्यात चामड्याला आठवड्यात बुरशी धरते. सरांना चामडंच हवं होतं, आणि त्यांची शिबिरं बहुतेक कोरड्या दिवसांत असल्यामुळे मी फार ताणलं नाही. अट दोन गोष्टींची घातली. चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं असावं, क्रोमचं नको, कारण क्रोमच्या चामड्यातले क्षार पोलादाला खातात. आणि दोन पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, चामड्याची एक पट्टी घालून मग शिवण घ्यावी. ही पट्टी नसेल तर धार रोज थोडी थोडी शिवण कापते आणि एक दिवस म्यानातून बाहेर येते, बहुधा मांडीत. चर्मकार काकांनी डाव्या हाताला सोयीचं म्यान शिवलं, तळाला पाणी निथळायला भोक ठेवलं.

म्यान फक्त नेण्या-आणण्यासाठी. घरी सुरी म्यानाबाहेर, पुसून, खोबरेल लावून, सुती कापडात. साधं पोलाद गंजणारच. पण त्याला कातडी येऊ दिली तर ते बरंच सांभाळून घेतं. उन्हाळी शिबिरात मुलांनी या सुरीने कैऱ्या कापल्या आणि संध्याकाळपर्यंत पातं निळसर-काळं झालं. सरांनी घाबरून फोन केला, पातं खराब झालं म्हणून. ते खराब नव्हतं. कैरीच्या आंबटपणाने आलेला तो काळा थर तांबड्या गंजाला बराच काळ दूर ठेवतो. तो घासून काढू नका, फक्त तांबडं दिसेल तिथे तेलाच्या फडक्याने पुसा, एवढंच सांगितलं.

वापरानंतर

दोन हंगाम वापरून सुरी मी परत मागवून पाहिली. पातं सरळ, मुठीत फट नाही, पिना जागेवर. टोकाजवळ धार थोडी गोलावली होती, मुलं बांबूत भोक पाडायला टोक फिरवतात त्यामुळे. त्यासाठी सरांना एक वेगळा टोच्या करून दिला. धार मुलंच लावतात. बाजारातला दुहेरी कार्बोरंडम दगड, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर बफिंगचा हिरवा साबण चोळून त्यावर उलट्या दिशेने ओढायची. उतार दगडावर सपाट बसतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी जमतं. त्या एका गोष्टीसाठी सरांनी स्कँडीचा धरलेला हट्ट बरोबर होता.

शेतावरच्या बाबांनी सुरी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिली आणि पळी कोरून बघितली. बांबू तोडायला मात्र त्यांनी कोयताच घेतला, आणि सुरीचा आराखडा आम्ही नेमका तसाच धरला होता.

त्यानंतर सरांनी मुलांसाठी आठ सुऱ्यांची मागणी आणली. ती मी घेतली नाही. शिकाऊ मुलाच्या हातात पहिल्या दिवशी हाताने घडवलेली सुरी द्यायची गरज नसते. त्याला पातळ, हलकी, न गंजणारी आणि हरवली तर जीव हळहळणार नाही अशी हवी. स्वीडनच्या मोरा गावच्या साध्या सुऱ्या यात चोख आहेत. २.५ मिमी जाडीचं स्टेनलेस पातं, रबरी मूठ, प्लॅस्टिकचं म्यान. उतारही तोच स्कँडी, त्यामुळे धार लावायचं शिक्षण वाया जात नाही. त्या मागवल्या, त्यांची टोकं मी ग्राइंडरवर गोल करून दिली आणि बाभळीच्या गाठींसाठी कडेला तोच केसाएवढा दुसरा उतार दिला. ग्राइंडरवर टोक गोल करताना पातं बोटाला चटका बसण्याआधीच पाण्यात बुडवत राहावं लागतं, नाहीतर टेम्पर उतरून टोक मऊ पडतं. आठही सुऱ्यांना मिळून दुपार गेली.